सोंगाचा खेळ आणि खेळाचें सोंग

एकाद्या कलाकृतीचें परीक्षण करावयाचें म्हणजे प्रथम तिचें कुळ विचारावयाचें, आणि ती ‘आपली’ ठरली कीं गुणदोषांची चौकशी तेथेंच थांबवावयाची, असा एक सोयीस्कर परिपाठ आपल्याकडे पडून गेला आहे. नाटक-कादंबऱ्यांच्या प्रांतांत या परिपाठानें पुष्कळ नुकसान केलें. आतां तो व्हिडिओ गेमच्या प्रांतांतहि शिरला आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीनें तयार केलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० सालीं बाहेर पडला. तेव्हांपासून त्याचें नांव निघालें कीं एकच वाक्य आमच्या कानीं येतें: ‘आपल्या देवदेवतांवर, आपल्या माणसांनीं केलेला खेळ आहे, मग परक्यांच्या चेटकिणी आणि राक्षस मुलांना हवेत कशाला?’ हें वाक्य बोलणारांपैकीं बहुतेकांनीं तो खेळ खेळलेला नसतो, हा भाग वेगळा.

आमचें म्हणणें याच्या उलट आहे, आणि तें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. ‘राजी’ देखणा आहे, प्रामाणिक कष्टांतून निर्माण झालेला आहे. परंतु ज्या खेळांत दुसऱ्याची भूमिका घेणें हेंच सर्वस्व असतें, त्या खेळांच्या कसोटीस तो उतरत नाहीं. आणि पोलंडमध्यें ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या कंपनीनें केलेला, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला ‘द विचर ३: वाइल्ड हंट’ हा खेळ अंगीं ढळढळीत दोष असूनहि त्या कसोटीस उतरतो. असें कां, हें न पाहतां ‘राजी’ची नुसती आरती ओवाळणें हें त्याच्या कर्त्यांवरहि उपकार करणें नव्हे.

‘वाङ्मयाच्या मासिकांत हा पोरखेळ कशाला?’ असें कांहीं वाचक म्हणतील. कादंबरी वाचणें हाहि एके काळीं आपल्याकडे पोरखेळ, किंबहुना व्यसन, मानला जात असे. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हां त्यांत काम करावयास एकहि स्त्री पुढें आली नाहीं; तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषास करावी लागली. आज चित्रपटाचें परीक्षण छापतांना कोणी संपादक क्षमा मागत नाहीं. जालन्यासारख्या, लोखंड आणि बियाणें यांच्या व्यवसायावर वाढलेल्या शहरांत आम्ही शिकवितों. येथें अभ्यासक्रमाबाहेरची कादंबरी वाचलेला विद्यार्थी दिवा घेऊन शोधावा लागतो. परंतु एकाद्या खेळांतील पात्र बरोबर वागलें कीं चूक, यावर तासभर हिरिरीनें भांडणारे पांच-सात जण प्रत्येक वर्गांत निघतात. कथेची भूक मेलेली नाहीं, ती दुसऱ्या पंक्तीस जाऊन बसली आहे. त्या पंक्तींत काय वाढलें जातें हें पाहणें साहित्याच्या शिक्षकाचें कामच आहे. आम्हीं दोन्ही खेळ शेवटपर्यंत खेळून मगच लेखणी उचलली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बोटांना त्यांत जो ताप झाला त्याची हकीकत येथें अप्रस्तुत होय.

आतां कसोटी कोणती? ती परदेशांतून आणण्याचें कारण नाहीं. आमच्या जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीनें आंखलेली आहे, आणि याच नदीवर, थोडें वरच्या अंगास, पैठण आहे. तेथें सोळाव्या शतकांत एकनाथांनीं भारुडें रचिलीं, आणि सोंगी भारुडाची परंपरा त्यांतून चालत आली. ‘रोडगा’ घ्या. मिशा राखलेला गडी लुगडें नेसून सासुरवाशीण होतो आणि सासरच्या एकेका माणसाचा काटा काढण्याबद्दल भवानीस नवस बोलतो. लोक पोट धरून हंसतात. हंसतां हंसतां एका क्षणीं ध्यानांत येतें कीं, हीं सासरचीं माणसें म्हणजे आपल्याच अंतरंगांतलीं बिऱ्हाडें आहेत, आणि ही एकटें राहण्याची मागणी साधी नाहीं. सोंग म्हणजे केवळ वेष नव्हे. वेषाच्या आडोशानें जें एरवीं पाहवत नाहीं तें पाहणें, आणि पाहिल्यावर त्याचें उत्तरदायित्व टाळतां न येणें, हें सोंगाचें मर्म आहे.

भारुडांत सोंग दुसरा घेतो आणि आपण पाहतों. भूमिकेच्या खेळांत सोंग आपणच घ्यावयाचें असतें. पात्राच्या वतीनें आपण बोलतों, आपण लढतों, आपण निवड करतों. हत्यारें सुधारणें, अंगांतलें बळ वाढत जाणें, हीं या खेळांचीं बाह्य लक्षणें झालीं. मुख्य प्रश्न एवढाच कीं, त्या पात्राच्या कातडींत शिरल्यावर आपल्या वागण्याचें ओझें आपल्या खांद्यावर येतें कीं नाहीं?

‘राजी’ची कथा थोडक्यांत अशी. राजी ही खेळ करणाऱ्या मंडळींतील कसरतपटु मुलगी. गोलू हा तिचा धाकटा भाऊ, बाहुल्या नाचविणारा. ऐन राखीपौर्णिमेच्या सणांत असुर येतात आणि मुलांना पळवून नेतात. त्यांत गोलूहि जातो. दुर्गा राजीची निवड करते, तिच्या हातीं त्रिशूळ देते, आणि महाबलासुरापर्यंतचा तिचा प्रवास सुरू होतो. डोळ्यांस सुख देणारें यांत पुष्कळ आहे. राजस्थानी वास्तुशैलीचे महाल आणि वाडे, पहाडी चित्रांची आठवण देणारे रंग, भिंतींवरचीं चित्रें पाहत उभें राहिलें कीं उलगडणाऱ्या पुराणकथा, या सर्वांत हात सैल सोडलेला नाहीं. राजी भिंतीवरून धांवते, खांबाभोंवतीं गरगर फिरून त्रिशूळ मारते, तेव्हां ती कसरतीच्या खेळांतली मुलगी आहे हें तिच्या हालचालींतूनच कळतें. पात्र आणि लढण्याची रीत यांचा असा मेळ मोठमोठ्या खेळांतहि नेहमीं सांपडत नाहीं. २०१७-१८ च्या सुमारास लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरहि ही लहानशी मंडळी नेटानें काम करीत राहिली, आणि ‘द गेम अवॉर्ड्स’ या जागतिक समारंभांत २०२० सालीं पदार्पणाच्या खेळांमध्यें ‘राजी’ला नामांकन मिळालें. याचा आनंद आम्हांसहि झाला.

मात्र ‘आपल्या माणसांनीं केलेला’ या अभिमानाचें थोडें पृथक्करण केलेलें बरें. ‘राजी’चें संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचें आहे. कथेचे दुवे सांगणारीं छायाचित्रें बालीच्या छायाबाहुल्यांच्या वळणाचीं आहेत. यांत कमीपणा मुळींच नाहीं. कला ही नेहमींच चार घरचें पाणी पिऊन वाढते. फक्त ज्यांना ‘शुद्ध आपलें’ म्हणून छाती फुगवावयाची असेल त्यांनीं हें जाणून मग फुगवावी. जातां जातां एवढेंच वाटतें कीं, सिंधुदुर्गांतल्या पिंगुळीस चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ठाकर मंडळींनीं अजून राखला आहे, परशुराम गंगावणे यांस त्याकरितां २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, आणि पुण्याहून पिंगुळी बालीपेक्षां पुष्कळ जवळ आहे.

असो. मूळ मुद्दा भूमिकेचा. पांच-सहा तासांच्या त्या सबंध प्रवासांत राजीच्या वतीनें आपण ठरवितों काय? कोणता असुर आधीं मारावा, त्रिशूळ वापरावा कीं धनुष्य, एवढेंच. तिनें कोणाला सोडावें, कोणाला दुखवावें, कशावर पाणी सोडावें, हा प्रश्न एकदांहि आपल्यापुढें येत नाहीं. वरती दुर्गा आणि विष्णु संभाषण करीत असतात. तिच्या धैर्याविषयीं, तिच्या भवितव्याविषयीं बोलतात. आणि खालीं ती मुलगी त्यांच्या सूत्रावर धांवत असते. भाऊ बाहुल्या नाचवितो आणि बहीण स्वतःच बाहुली होते, असा हा प्रकार आहे. असुरांनीं एकट्या गोलूला नेलेलें नाहीं, अनेक मुलें नेलेलीं आहेत. ‘माझा भाऊ कीं लोकांचीं मुलें?’ हा एकच प्रश्न या खेळानें राजीला विचारला असता तर त्याचें रूप पालटून गेलें असतें. आणि एवढें करून कथा शेवटीं अर्ध्यावर तोडलेली आहे. पडदा पडतो तेव्हां नाटक संपलें कीं दिवे गेले, याचा उलगडा होत नाहीं.

जाणते खेळाडू येथें आम्हांस अडवितील: ‘अहो, राजी हा भूमिकेचा खेळच नव्हे, तो साहसाचा, हाणामारीचा खेळ. त्याला ही कसोटी लावतांच कशाला?’ वर्गीकरण म्हणून हें खरें आहे. परंतु वर्गाचें नांव सांगितल्यानें उणीव भरून निघत नाहीं, तिला फक्त पाटी मिळते. ज्या कथेंत एक अनाथ, दरिद्री मुलगी देवांकडून निवडली जाते, तिच्यांत भूमिकेची सर्व सामग्री तयार होती. ती वापरली गेली नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें. उलट आमच्या विद्यार्थ्यांचा जो आक्षेप, कीं खेळ पांच तासांतच संपतो, तो आम्हांस मान्य नाहीं. लांबीवरून मोल ठरूं लागलें तर लघुकथेनें कादंबरीपुढें कायमची मान खालीं घालावी लागेल.

आतां ‘विचर’कडे वळूं. गेराल्ट हा पैसे घेऊन भुतें, पिशाचें आणि हिंस्र जनावरें यांचा बंदोबस्त करणारा, गांवोगांव हिंडणारा माणूस. त्याची स्थिति आपल्याकडील पंचाक्षऱ्यासारखी आहे: अडचणींत गांवाला तो हवा असतो, आणि काम उरकलें कीं त्याची सांवलीहि नको असते. हरवलेल्या सिरीचा, म्हणजे त्याच्या मानलेल्या मुलीचा, शोध हा कथेचा कणा. या शोधांत तो वेलन नांवाच्या, लढाईनें उजाड झालेल्या दलदलीच्या मुलखांत येतो. तेथील गढींत एक सरदार आहे. लोक त्याला ‘रक्तरंजित बॅरन’ म्हणतात. त्याची बायको आणि मुलगी नाहींशा झाल्या आहेत. प्रथम तो दुःखी नवरा आणि दिलदार यजमान वाटतो. हळूहळू उलगडतें कीं, हा दारू पिऊन बायकोस मारीत असे, मारहाणींत तिचा गर्भ पडला, आणि कोणताहि विधि न करितां पुरलेलें तें अर्भक आतां पिशाच होऊन फिरत आहे. त्याला तरवारीनें संपवावें, कीं बापानेंच त्याला उचलून घेऊन, नांव ठेवून, घराच्या उंबऱ्याखालीं पुरून शांत करावें, हें आपण ठरवावयाचें. भूत, उंबरठा आणि नांव ठेवणें: यांतली कोणती गोष्ट गोदाकांठच्या म्हातारीस परकी वाटेल?

पुढें एका टेकडीच्या पोटांत, झाडाच्या मुळांशीं कोंडलेला एक आत्मा भेटतो. त्याला मोकळें केलें तर दलदलींतील चेटकिणींच्या ताब्यांतलीं अनाथ मुलें वांचतात. परंतु एक गांव उद्ध्वस्त होतें, बॅरनची बायको प्राणांस मुकते, आणि तो स्वतः गळफास लावून घेतो. आत्म्याला ठार केलें तर मुलांचा बळी जातो. बायको भ्रमिष्ट होऊन कां होईना पण जगते, आणि बॅरन तिला घेऊन दूरच्या एका वैद्याकडे निघून जातो. निवडीच्या क्षणीं यांतलें फारच थोडें आपणांस ठाऊक असतें. फळ पदरीं पडतें तें कांहीं तासांनीं, आपण दुसऱ्याच कामांत गुंतलों असतां. आम्हीं आत्म्याला सोडलें. मुलें वांचलीं म्हणून समाधान मानून पुढें गेलों, आणि परत गढीवर आलों तों झाडाला बॅरन लटकत होता. त्या माणसाविषयीं आमच्या मनांत तिरस्कारच होता. तरीहि त्या रात्रीं खेळ तेथेंच बंद करावा लागला.

आमच्या जिल्ह्यांतल्या जांबची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. ‘सावधान’ हा शब्द ऐकतांच नारायणानें बोहल्यावरून पाय काढला, आणि त्यांतून पुढें समर्थ रामदास झाले. दिलेली भूमिका नाकारण्याचें याहून ठळक उदाहरण मराठी माणसाच्या स्मरणांत नसेल. परंतु अंतरपाटाच्या पलीकडे हातांत माळ घेऊन उभ्या असलेल्या मुलीची कथा कोणी रंगवून सांगत नाहीं. ‘विचर’ हा खेळ तिच्याकडे मान वळवावयास लावतो. निवड आपली, आणि तिची किंमत मोजणारा मात्र दुसरा, ही गोष्ट तो पुनःपुन्हां आपल्या डोळ्यांपुढें आणतो.

सिरीच्या बाबतींत तर त्यानें याहून नाजूक काम साधलें आहे. शेवटीं ती आपल्या पदरीं राहते कीं कायमची जाते, हें कोणत्याहि मोठ्या लढाईवर ठरत नाहीं. खचलेल्या मुलीबरोबर बाप बर्फाचे गोळे फेकीत खेळला, कीं तिच्यापुढें मद्याचा पेला सरकवून मोकळा झाला. वडीलधाऱ्यांच्या बैठकींत त्यानें तिला एकटीला जाऊं दिलें, कीं आपणच तिच्या वतीनें पुढें झाला. अशा चार-दोन बारीक प्रसंगांवर सर्व अवलंबून असतें. त्या त्या वेळीं ते प्रसंग महत्त्वाचे आहेत असें मुळींच वाटत नाहीं. घरांत मुलगी वाढविलेल्या माणसास हें निराळें समजावून देण्याची गरज नाहीं.

हा खेळ निर्दोष आहे असें मात्र कोणी समजूं नये. मुख्य कथाच सुमारें पन्नास तासांची. इतर उपकथा धरल्या तर शंभराच्या वर. त्यांतले कितीतरी तास नकाशावरील प्रश्नचिन्हें पुसण्यांत जातात, आणि तें काम कारकुनीहून रंजक नाहीं. मुलगी संकटांत आहे म्हणून ज्याचा जीव टांगणीला लागावयाचा, तो बाप खानावळींत बसून दिवसचे दिवस ‘ग्वेंट’ नांवाचा पत्त्यांचा डाव मांडतो, तरी कथा त्याची वाट पाहत तिष्ठत उभी! गरिबांच्या झोपडींत शिरून तो पेट्या धुंडाळतो, धान्य आणि भांडीं उचलतो, आणि घरधनी समोर असून ब्र काढीत नाहीं. इतक्या सूक्ष्म नीतिविवेकाच्या खेळांत ही उघड चोरी कोणास खटकूं नये, याचें नवल वाटतें. शिवाय स्त्रियांचें चित्रण अनेक ठिकाणीं केवळ पुरुषी चाळा चाळविण्याकरितां केलेलें आहे. बॅरनच्या बायकोचें दुःख इतक्या जाणतेपणें मांडणाऱ्या हातांनींच हें करावें, हें अधिकच खेदाचें.

तरीहि पारडें ‘विचर’कडे झुकतें, याचें कारण पोलंडच्या भुतांत नसून लेखणींत आहे. आंद्रजेय सापकोव्स्की यांची पहिली विचर-कथा १९८६ सालीं ‘फान्तास्तिका’ या पोलिश मासिकाच्या कथास्पर्धेंतून आली. मासिकांतली एक कथा! तिच्यामागून आणखी कथा आणि कादंबऱ्या आल्या, २००७ सालीं पहिला खेळ आला, आणि २०११ सालीं पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनीं त्यांतला दुसरा खेळ पाहुणे म्हणून आलेल्या बराक ओबामांना भेट दिला. २०२३ पर्यंत तिसऱ्या खेळाच्या पांच कोटि प्रती विकल्या गेल्या. तेथें माणसें आधीं कागदावर जगलीं, मग पडद्यावर आलीं. ‘राजी’त देव आयते मिळाले, म्हणून माणसें घडविण्याची निकड भासली नाहीं.

यावर आमचे अभिमानी मित्र म्हणतील, ‘आपल्या पुराणांत काय कमी आहे?’ कमी कांहींच नाहीं, आणि दुःख तेंच आहे. अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता सांगतांना धर्मराजाची झालेली ओढाताण, जन्माचें रहस्य कळल्यावरहि दुर्योधनाची साथ न सोडणारा कर्ण, सभेंत मान खालीं घालून बसलेला भीष्म: निवडीच्या यातनेचें एवढें भांडार जगांत दुसरीकडे क्वचित् असेल. त्या भांडारांतून आम्हीं उचललें काय, तर त्रिशूळ, धनुष्य आणि देवळाचे खांब! पोलिश खेळानें सामान्य भुताटकींतून धर्मसंकट उभें केलें. आणि आम्हीं धर्मसंकटांच्या खाणीवर बसून भुताटकी विकली.

द्रव्याचा मुद्दा पुढें येईल. ‘विचर ३’ला सुमारें आठ कोटि डॉलर खर्च आला, पुण्याच्या मंडळीपाशीं त्याचा लहानसा अंशहि नव्हता. अरण्यें, घोडे, वादळें आणि शेंकडों बोलकीं माणसें पैशानें येतात, हें खरें. म्हणून त्या गोष्टींची तुलना आम्हीं केलेली नाहीं. पण भाऊ कीं इतर मुलें, हा प्रश्न विचारावयास आणि त्याचे दोन शेवट लिहावयास घोडे लागत नाहींत. एक चांगला लेखक लागतो. आमच्या खेळकर्त्यांनीं तो बोलाविला नाहीं, आणि आमच्या लेखकांनींहि त्यांच्या दाराकडे ढुंकून पाहिलें नाहीं. दोष दोघांचाहि आहे, आणि आमच्या मतें लेखकांचा अधिक. दरवर्षीं दिवाळी अंकांतून कथांचा एवढा पूर लोटतो. त्यांतील एकीवर तरी खेळ होऊं शकेल काय, असा विचार करणारा संपादक आम्हीं पाहिलेला नाहीं.

भाषेचेंहि तसेंच. २०२० सालीं दुर्गा आणि विष्णु एकमेकांशीं इंग्रजींत बोलले. हिंदी आवाज त्यांना २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तींत मिळाला. गेराल्ट आरंभापासून इंग्रजीबरोबर पोलिशहि बोलतो. पुण्यांत घडलेल्या राजीनें मराठींत बोलावें, अशी मागणी मात्र ‘आपला खेळ, आपला खेळ’ म्हणणाऱ्यांपैकीं कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

वाचकांच्या घरीं मुलें आहेत, म्हणून व्यवहाराचें एक सांगतों. ‘विचर’ लहानांच्या हातीं देऊं नये. युरोपांत तो अठरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं, आणि तो निर्णय योग्य आहे. मोठ्यांनीं खेळावा, आणि शक्य तर नवराबायकोंनीं एकत्र बसून बॅरनच्या प्रकरणावर भांडावें. ‘राजी’ शाळेंतल्या थोड्या मोठ्या मुलांस खुशाल द्यावा. खेळ संपला कीं मुलाला विचारावें: तूं राजीच्या जागीं असतास तर काय वेगळें केलें असतेंस? मुलें हुषार असतात. तो कांहीं ना कांहीं सुचवीलच. मग त्याला म्हणावें, आतां तसें करून दाखीव पाहूं.